सावलीवरून व्यास मोजताना: एका कॅमेरा तपासणी केंद्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

कारखान्यात हार्डन केलेल्या पोलादी पिना सेंटरलेस ग्राइंडिंगवर (पिन टोकांना न पकडता दोन चाकांमध्ये फिरवून घासणे) तयार होतात. व्यास १६ मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच८. म्हणजे वरची मर्यादा १६.००० आणि खालची १५.९७३, एकूण २७ मायक्रॉन. लांबी २२ मिमी, एका टोकाजवळ ग्रूव्ह (गोल खाच), दोन्ही टोकांना चॅम्फर (तिरकी कापलेली कड). ग्राइंडिंगनंतर पिना गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनमधून जातात, ब्लोअरखाली वाळतात आणि कन्व्हेअरवरून शेवटच्या तपासणीला येतात. दर ४ सेकंदांना एक पिन.

आधी ठरावीक नमुने काढून ते टेबलावरच्या एअर गेजवर (हवेच्या झोताने, स्पर्श न करता व्यास मोजणारे उपकरण) मोजले जात. ग्राहकाने व्यास, लांबी आणि ग्रूव्ह यांची १०० टक्के तपासणी मागितली तेव्हा कॅमेरा केंद्र बसवले गेले. ५ मेगापिक्सेलचा मोनोक्रोम कॅमेरा, ०.३५ पट टेलिसेंट्रिक लेन्स (वस्तू थोडी जवळ-दूर झाली तरी आकार तोच दाखवणारी) आणि समोर विखुरलेल्या प्रकाशाची सपाट एलईडी बॅकलाइट. पिन दोन अरुंद व्ही-ब्लॉकवर आडवी टेकते, तिची सावली कॅमेऱ्यात पडते आणि सावलीच्या वरच्या व खालच्या कडेतले अंतर म्हणजे व्यास.

सेन्सरचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. ०.३५ ने भागले की वस्तूवरचा एक पिक्सेल ९.९ मायक्रॉन होतो. म्हणजे पिनेची अख्खी टॉलरन्स तीन पिक्सेलसुद्धा भरत नाही. कडेवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रे लेव्हल कशी चढते ते पाहून पिक्सेलचा अंश काढतात, शेकडो उभ्या ओळींवर तेच करून सरासरी घेतात, आणि मगच मायक्रॉनच्या भाषेत बोलता येते. हे गणित भक्कम आहे. मात्र ते प्रकाशाची कड शोधते. ती कड पोलादाच्या कडेशी जुळते की नाही हे दिवा, लेन्स आणि पिनेचा पृष्ठभाग ठरवतात. पुढचे सगळे प्रकरण याच फरकावर उभे आहे.

केंद्र ताब्यात घेताना पुरवठादाराने दोन गोष्टी दाखवल्या. क्रोमचे ठिपके असलेल्या काचेच्या प्लेटवर कॅलिब्रेशन केले, आणि एक पिन व्ही-ब्लॉकवर ठेवून तिची ५० वेळा प्रतिमा घेतली. प्रमाण विचलन ०.३ मायक्रॉन आले. सीजी हा मोजण्याच्या क्षमतेचा निर्देशांक, म्हणजे टॉलरन्सचा २० टक्के हिस्सा भागिले सहा प्रमाण विचलने: ५.४ भागिले १.८, बरोबर ३.०. अट १.३३ ची होती. कागदावर सही झाली.

अडचण

पहिल्या आठवड्यापासून कॅमेरा ६.२ टक्के पिना नाकारत होता. त्यातल्या बहुतेक एअर गेजवर चांगल्या निघायच्या, आणि जवळजवळ सगळ्या खालच्या मर्यादेवर अडकलेल्या असायच्या. आणखी एक गोष्ट ऑपरेटरांच्या लक्षात आली होती: जेवणाची सुट्टी किंवा मशीन थांबणे झाले की पुढच्या काही मिनिटांत रिजेक्शन एकदम वाढायचे आणि मग आपोआप खाली यायचे.

लाल पेटी भरत चालली की उत्पादनावर ताण येतो. एका शिफ्टमध्ये व्यासाच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे मोजलेल्या आकड्यात मिळवायच्या ठरावीक दुरुस्तीत, २ मायक्रॉन वाढवले गेले. रिजेक्शन उतरले, तक्रार थांबली, आकडा तसाच राहिला. ऑफसेट कोणीही बदलू शकत होते आणि बदलाची नोंद कुठेच होत नव्हती.

काही काळाने ग्राइंडिंग व्हीलचा ग्रेड बदलला. नवे व्हील थोडे भरड होते. पृष्ठभाग ड्रॉइंगमधल्या मर्यादेतच होता, पण आधीसारखा आरशासारखा चमकत नव्हता. त्यानंतरच्या लॉटमधल्या पिना बुशमध्ये (पिन ज्यात बसते ती नळी) सैल बसतात अशी ग्राहकाची तक्रार आली. परत आलेल्या पिना एअर गेजवर १५.९७१ भरल्या. कॅमेऱ्याने त्याच पिनांना १५.९७४ म्हणून पास केले होते.

पहिला निर्णय: आधी माल अडवायचा

कारण सापडेपर्यंत थांबायचे, की लगेच माल रोखायचा? क्वालिटी विभागाने माल रोखला आणि ते बरोबरच होते. पण कोणत्या तारखेपासूनचा? कॅमेरा फक्त चांगल्या आणि वाईट पिनांची मोजणी ठेवत होता. मोजलेले व्यास साठवले जात नव्हते, ऑफसेटच्या बदलाची तारीख नव्हती. शेवटी ग्राइंडिंगच्या रजिस्टरमधली व्हील बदलल्याची नोंद हीच एक खात्रीची खूण उरली. सावधगिरी म्हणून तिच्या मागचे दोन लॉटही अडवले गेले आणि सगळा माल एअर गेजवर हाताने पुन्हा मोजावा लागला. प्रत्येक पिनेचा मोजलेला आकडा वेळेसह साठवला असता, तर एवढ्या मोठ्या ढिगाला हात लावायची गरज पडली नसती. एका पिनेची नोंद काही बाइटची असते. ती न साठवण्याला कोणतेही तांत्रिक कारण नव्हते.

तपासात काय सापडले

पहिला प्रयोग सर्वांत साधा. तीच पिन, पण दर वेळी उचलून पुन्हा फीडरने व्ही-ब्लॉकवर आणायची, ५० वेळा. प्रमाण विचलन ०.३ वरून १.३ मायक्रॉनवर गेले आणि सीजी ०.६९ झाला. ताबा घेताना न हललेल्या पिनेची चाचणी झाली होती. तिने कॅमेऱ्याचा नॉइज मोजला, केंद्राची मोजण्याची क्षमता नव्हे.

विचलन कुठून येते ते प्रतिमांमध्येच दिसत होते. फीडरमधून येणारी पिन कधी कधी किंचित तिरकी टेकायची आणि सॉफ्टवेअर व्यास सरळ उभ्या ओळीत मोजत होते. पिन १ अंश तिरकी असेल तर १६ मिमीला २.४ मायक्रॉनची वाढ दिसते. दोन्ही कडांना रेषा बसवून त्यांच्यातले लंब अंतर घेतले की ही चूक नाहीशी होते. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, फक्त निवडलेली नव्हती.

दुसरे कारण पाणी. ब्लोअरखालून आलेल्या काही पिनांच्या खालच्या कडेला, ग्रूव्हजवळ, बारीक थेंब लोंबकळत होता. उघड्या डोळ्यांना पिन कोरडी वाटायची. प्रतिमा मोठी करून कडेचे बिंदू आणि बसवलेली रेषा यांतला फरक काढला, तेव्हा सरळ चाललेल्या बिंदूंमध्ये एकाच जागी ८ ते १० मायक्रॉनचा फुगवटा दिसला. सरासरीत तो विरघळायचा आणि व्यास अर्धा-एक मायक्रॉनने मोठा दिसायचा. वरच्या कडेला असा फुगवटा कधीच दिसला नाही. थेंब खाली ओघळतो, त्यामुळे निदानाबद्दल शंका उरली नाही.

तिसरा प्रयोग निर्णायक ठरला. एअर गेजवर दोन्ही १५.९८६ भरणाऱ्या दोन पिना घेतल्या: एक जुन्या व्हीलची चकचकीत, दुसरी नव्या व्हीलची. तापमान स्थिरावू दिले, पाण्याचा अंश पुसला, ऑफसेट शून्य केला. चकचकीत पिन कॅमेऱ्याला ४ मायक्रॉन लहान दिसली, दुसरी १.५ मायक्रॉन लहान. विखुरलेल्या बॅकलाइटमधून किरण सगळ्या कोनांतून येतात. गोल पिनेच्या कडेला अगदी निसटता स्पर्श करणारे किरण पृष्ठभागावरून परावर्तित होऊन लेन्समध्ये शिरतात आणि जिथे सावली असायला हवी तिथे उजेड पडतो. सावली आत सरकते. पृष्ठभाग जितका चकचकीत, तितके हे सरकणे जास्त. काचेच्या सपाट प्लेटवरच्या क्रोमच्या ठिपक्याला असे गोल खांदे नसतात, त्यामुळे कॅलिब्रेशनमध्ये ही चूक दिसणे शक्यच नव्हते.

त्यात भर म्हणजे दिवा फार प्रखर ठेवला होता. पार्श्वभूमी २५५ वर चिकटलेली होती. सेन्सर संपृक्त असला की ५० टक्क्यांचा उंबरठा (ज्या उजेडाला कड धरली जाते ती पातळी) खऱ्या प्रकाशाच्या निम्म्यावर राहत नाही, त्याहून खाली पडतो आणि कड पुन्हा आतच सरकते.

उरला सुट्टीनंतरच्या रिजेक्शनचा प्रश्न. लाइन चालू असताना पिना कॅमेऱ्याखाली सुमारे ३४ अंशांवर यायच्या. पोलादाचा प्रसरण गुणांक अंशाला दशलक्षांश ११.५ धरला तर १६ मिमी व्यास दर अंशाला ०.१८ मायक्रॉन वाढतो. मापांसाठी आयएसओ १ प्रमाणे संदर्भ तापमान २० अंश, म्हणजे ३४ अंशांवरची पिन २.६ मायक्रॉन मोठी. सुट्टीत कन्व्हेअरवर थांबलेल्या पिना २५ अंशांपर्यंत उतरायच्या, तेव्हा वाढ फक्त ०.९ मायक्रॉन.

आता बेरीज करून पाहावी. जुने व्हील, लाइन चालू: प्रकाशामुळे उणे ४, उष्णतेमुळे अधिक २.६, एकूण उणे १.४. सुट्टीनंतर: उणे ४ अधिक ०.९, एकूण उणे ३.१. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि पिन थंड झाली की झाकण उघडे पडायचे. त्यावर २ मायक्रॉनचा ऑफसेट चढला, मग नवे व्हील आले: उणे १.५, अधिक २.६, अधिक २, एकूण अधिक ३.१. खरा व्यास १५.९७० असलेली पिनही आता पास होणार होती. परत आलेल्या पिनांचे १५.९७१ याच हिशेबात बसते.

पर्याय

ऑफसेट नव्याने लावणे हा पहिला प्रस्ताव होता. खर्च नाही, वेळ नाही. तो नाकारला गेला, कारण ऑफसेट स्थिर चुकीसाठी असतो. इथली चूक पृष्ठभाग आणि तापमान यांच्याबरोबर बदलत होती.

पासच्या मर्यादा आत ओढणे हा दुसरा. चूक ३ मायक्रॉन असेल तर दोन्ही बाजूंनी किमान तेवढे सोडावे लागते आणि २७ पैकी २१ मायक्रॉन उरतात. ग्राहक सुरक्षित राहिला असता, पण चांगल्या पिना आणखी जास्त प्रमाणात बाहेर पडल्या असत्या. तात्पुरता उपाय म्हणून मात्र तो लगेच लागू केला गेला.

तिसरा पर्याय व्यास कॅमेऱ्याकडून काढून घेऊन लाइनमध्येच एअर रिंग किंवा स्पर्शाने मोजणारे गेज बसवण्याचा. अनुभवी मंडळींचा कल याकडे होता आणि तो अजिबात चुकीचा नव्हता. २७ मायक्रॉनच्या टॉलरन्सला एअर गेज सहज पुरते आणि चकाकीचा त्याला फरक पडत नाही. पण तापमानाची अडचण तशीच राहते, कोरडी स्वच्छ हवा सतत लागते, नोझलवर ओलावा आला की आकडा सरकतो, आणि ४ सेकंदांत पिन रिंगमध्ये घालून काढणारी यंत्रणा नव्याने बनवावी लागते.

लेझर स्कॅन मायक्रोमीटरचाही विचार झाला. तोही सावलीच मोजतो, फक्त समांतर किरणांनी. व्यासाचा प्रश्न सुटला असता, ग्रूव्ह आणि चॅम्फरसाठी कॅमेरा ठेवावाच लागला असता.

मग प्रश्न पडला: समांतर किरण हवेतच, तर ते याच कॅमेऱ्याला का देऊ नयेत? टेलिसेंट्रिक दिवा विखुरलेल्या बॅकलाइटच्या जागी बसतो, लेन्स आणि कॅमेरा तेच राहतात. हा मार्ग निवडला गेला, पण आधी एक अट लिहून ठेवली: पुन्हा फीड करून घेतलेल्या चाचणीत सीजी आणि सीजीके (यात सरासरी चूकही धरतात) दोन्ही १.३३ च्या वर आले नाहीत, तर वाद न घालता एअर गेजकडे वळायचे. ही अट खरेदीच्या आधी लिहिलेली होती म्हणूनच तिला वजन होते. पैसे खर्च झाल्यावर निकष ठरवले की ते आलेल्या निकालाकडे झुकतात.

प्रत्यक्ष बदल

हिरव्या एलईडीचा टेलिसेंट्रिक दिवा बसवला. लेन्सशी त्याचा अक्ष जुळला आहे का, हे पाहण्यासाठी मास्टर पिन (अचूक व्यास माहीत असलेली) फोकसच्या जागी, मग कॅमेऱ्याकडे २ मिमी आणि दिव्याकडे २ मिमी सरकवून मोजली. तिन्ही ठिकाणचा फरक अर्ध्या मायक्रॉनच्या आत येईपर्यंत दिव्याचा कोन हलवत राहावे लागले. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके याच पायरीवर घाई होते. अक्ष चुकला असेल तर टेलिसेंट्रिक दिव्याचा अर्धा फायदा वाया जातो. पार्श्वभूमीची ग्रे लेव्हल २०० ते २२० मध्ये ठेवली आणि ती या पट्ट्याबाहेर गेली तर केंद्र थांबेल अशी व्यवस्था केली.

काचेची प्लेट लेन्सची विकृती तपासण्यापुरती उरली. व्यासाचे कॅलिब्रेशन आता याच ग्राइंडिंगवर तयार केलेल्या आणि प्रयोगशाळेत मोजून घेतलेल्या तीन मास्टर पिनांवर होते: १५.९७४, १५.९८६ आणि १५.९९९. चौथी लाल रंगाची पिन १५.९७० ची. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ती फीडरमधून जाते आणि केंद्राने ती नाकारलीच पाहिजे. व्हीलचा ग्रेड बदलला की त्या पृष्ठभागाच्या पिनांवर एअर गेजशी तुलना पुन्हा करायची, हे बदलाच्या फॉर्ममध्येच घातले.

तापमानासाठी प्रथम इन्फ्रारेड सेन्सर लावून आकडा दुरुस्त करायची कल्पना होती. ती चाचणीतच मागे पडली. चकचकीत पोलादाची उत्सर्जकता फार कमी असते; सेन्सर पिनेऐवजी आसपासच्या वस्तूंची उष्णता वाचतो आणि पृष्ठभाग बदलला की तोही बदलतो. ज्या चकाकीमुळे कॅमेरा फसला, त्याच चकाकीवर दुरुस्ती उभी करण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी पिनांना थंड व्हायला वेळ दिला. पंख्याखाली ही पिन शॉपच्या तापमानाच्या एका अंशाजवळ यायला सुमारे ११ मिनिटे लागतात, हे थर्मोकपल चिकटवलेल्या पिनेवर मोजून घेतले. ११ मिनिटांत १६५ पिना येतात. एकीला एक लागून १६ मिमीप्रमाणे २.६४ मीटर रांग. तीन पदरी नागमोडी ॲल्युमिनियम रेलमध्ये ती वॉशिंग मशीन आणि कॅमेरा यांच्या मधल्या जागेत बसली. व्ही-ब्लॉकजवळच्या तापमान सेन्सरवरून उरलेली दुरुस्ती २० अंशांशी केली जाते. लाइन थांबली तरी पिना त्याच तापमानाला असतात, म्हणून सुट्टीनंतरची उसळी गेली.

ब्लोअरनंतर पिनेच्या खालच्या बाजूला एअर नाइफ लावली. कडेचे बिंदू बसवलेल्या रेषेपासून ३ मायक्रॉनहून अधिक दूर असतील तर ती पिन नापास होत नाही, ‘अस्वच्छ’ म्हणून तिसऱ्या पेटीत जाते आणि पुन्हा धुतली जाते. पेट्या दोनच असताना शंकेच्या पिनेला जागा नव्हती. ती कुठल्या तरी एका बाजूला ढकलली जायची. ऑफसेट पासवर्डमागे गेला, प्रत्येक बदलाची वेळ आणि कारण नोंदले जाऊ लागले, प्रत्येक पिनेचा व्यास साठवला जाऊ लागला.

निकाल

पुन्हा फीड करून ५० मापांत प्रमाण विचलन ०.५५ मायक्रॉन आणि सरासरी चूक ०.४ मायक्रॉन आली. सीजी १.६४, सीजीके १.३९. लिहून ठेवलेली अट पूर्ण झाली, सीजीकेच्या बाबतीत थोडक्यात.

मोजमाप प्रणालीचा अभ्यास २५ पिना आणि प्रत्येकी दोन फेऱ्या असा केला. फीडर आणि कॅमेरा दोन्ही स्वयंचलित असताना तीन ऑपरेटरांचा नेहमीचा जीआरआर (माणसागणिक माप किती बदलते याचा अभ्यास) करून काही कळत नाही. पिना मुद्दाम पूर्ण टॉलरन्सभर आणि तिच्या थोड्या बाहेरही पसरलेल्या निवडल्या, शिवाय दोन्ही व्हीलच्या. बदलाआधी मोजमापातला फरक टॉलरन्सच्या ३८ टक्के होता, नंतर १३ टक्के. १० ते ३० टक्क्यांमधली प्रणाली परिस्थिती पाहून स्वीकारायची असते; इथे टेबलावरच्या एअर गेजची रोजची तुलना ठेवून ती स्वीकारली गेली.

अनिश्चिततेचा हिशेबही मांडला: पुनरावृत्ती ०.६, मास्टरचे कॅलिब्रेशन ०.५, पृष्ठभागाचा उरलेला फरक ०.५, तापमान ०.३. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन दुप्पट केले की जवळजवळ २ मायक्रॉन होतात. आयएसओ १४२५३-१ चे तत्त्व असे की माल मर्यादेत आहे हे पुरवठादाराला सिद्ध करायचे असेल, तर अनिश्चिततेपुरती जागा आतून सोडावी. म्हणून थेट पास १५.९७५ ते १५.९९८. दोन्ही टोकांच्या २ मायक्रॉनच्या पट्ट्यातल्या पिना एअर गेजकडे जातात.

कॅमेऱ्याने नाकारलेल्या पिनांचे प्रमाण ६.२ वरून १.४ टक्क्यांवर आले आणि त्यातल्या बहुतेक आता एअर गेजवरही नापास होतात. ‘अस्वच्छ’ पेटीचे प्रमाण सुरुवातीला वाढले. तिच्यामुळेच वॉशिंग मशीनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन नोझल बुजल्याचे कळले.

वेगळे काय करता आले असते

ताबा घेण्याची चाचणी हा सर्वांत स्वस्त निर्णयबिंदू होता. करारात तीन ओळी पुरल्या असत्या: चाचणी कारखान्याच्याच पिनांवर होईल, दर वेळी फीडरमधून जाऊन होईल, आणि सीजीबरोबर सीजीकेही पाहिला जाईल. जुन्या व्यवस्थेत सीजीके ऋण आला असता, कारण ४ मायक्रॉनची चूक टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाहून, म्हणजे २.७ हून मोठी होती. त्याच दिवशी प्रकरण मिटले असते.

सुट्टीनंतर वाढणारे रिजेक्शन हा दुसरा बिंदू. ऑपरेटरांनी ते सांगितले होते, पण ते ‘मशीन गरम व्हायला वेळ लागतो’ म्हणून बाजूला पडले. वेळेशी बांधलेला कोणताही बदल दिसला की आधी तापमान मोजावे. एक थर्मोकपल आणि अर्धा तास एवढीच त्याची किंमत होती.

एअर गेजचा पर्याय निवडला असता तर चूक ठरली असती का? नाही. व्यास हे एकच माप असते आणि ग्रूव्हची तपासणी नको असती, तर तोच जास्त योग्य ठरला असता.

एक मर्यादा बदलांनंतरही शिल्लक आहे. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये पिनेला तीन किंवा पाच लोब (गोलाईतले फुगीर भाग) येऊ शकतात. अशा विषम लोबच्या आकाराची रुंदी कोणत्याही दिशेने मोजली तरी जवळजवळ सारखीच भरते. म्हणजे सावलीला तो गोलच दिसतो, पण बुशमध्ये बसताना मोठा ठरतो. दोन बिंदूंमध्ये मोजणाऱ्या स्पर्श गेजलाही तो दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक सेटिंगनंतर आणि प्रत्येक ड्रेसिंगनंतर (व्हीलचा पृष्ठभाग पुन्हा तयार केल्यावर) पाच पिना राउंडनेस टेस्टरवर जातात, आणि त्या पास होईपर्यंत कॅमेऱ्याने पास केलेला माल पॅकिंगला सोडला जात नाही.